सोरेनच्या काठीवरची बारावी खाच

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्या शेजारणीच्या बाबतीत खरंच घडलंय. युटामधल्या आमच्या सॅनपीट खोऱ्यात, मार्चच्या पहिल्या रविवारी, आमच्या चर्चचा महिन्याचा उपास असतो त्या दिवशी. तेही भर दुपारी.

अर्व्हेला योर्गेन्सन, वय चौसष्ट. तिचा मुलगा केल्डन सहा वर्षांचा असताना धरणात बुडाला. अठ्ठावीस वर्षं झाली...

सापडलाच नाही.

"पुरायला साधी पेटीसुद्धा नाही गं माझ्या लेकराला," एवढंच ती म्हणायची.

आमचं चर्च बांधणारा सोरेन हाल्व्हर्सन पुढे मोठा वास्तुविशारद झाला. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. पण त्याच्या कामाची पहिली तीन वर्षं कुठेच सापडत नव्हती. ती शोधायला बिशपनी अर्व्हेलाला सांगितलं.

सोरेनच्या बायकोच्या डायरीत उत्तर मिळालं. घटसर्पाची साथ होती. तो फक्त पोरांच्या शवपेट्या करत होता! प्रत्येक पोराचं माप एका काठीवर खाच पाडून घ्यायचा. उंचीपेक्षा चार बोटं जास्त... पोरानं आखडून झोपू नये म्हणून.

त्या रविवारी चर्चच्या माळ्यावर ती काठी मिळाली. अकरा खाचा. बिशपनीही मोजल्या.

"सिस्टर योर्गेन्सन, घरी चला आता," बिशप म्हणाले. " पोटात अन्नाचा कण नाही तुमच्या."

"तुमच्या तरी कुठेय? व्हा पुढे, आलेच मी."

ते गेले.

सर्र... सर्र...

खाली कुणीतरी रंधा मारत होतं.

ती धावत खाली गेली. बाकं रिकामी. पण ताज्या लाकडाचा वास...

वर आली. काठी होती तिथेच.

खाचा बारा.

बारावी पांढरीशुभ्र. बोटाला भुसा लागला.

काठी घेऊन ती घरी आली आणि मला हाक मारली. स्वयंपाकघराच्या चौकटीवर केल्डनच्या उंचीची शेवटची रेघ अजून आहे, बुडायच्या आदल्या रविवारी ओढलेली. तिने काठी शेजारी उभी धरली.

"तू बघ गं. मला दिसत नाहीये." डोळे भरून वाहत होते तिचे.

रेघेच्या वर बारावी खाच. मध्ये मी बोटं ठेवली.

एक... दोन... तीन...

चार.

"माप घेतलं म्हणजे... सोरेनला माझा केल्डन सापडला असेल ना गं?"

मी तिला जवळ घेतलं आणि दोघी रडलो.

बिशप म्हणतात, उपासानं मोजणी चुकली. असेलही. पण रंधा त्यानंतर कुणी ऐकला नाही, आणि अर्व्हेला अजून रोज दुपारी चर्चमध्ये जाऊन बसते.

पेटी तयार झाली का, ते विचारायला.