सहा खिडक्यांचं घर

त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. ट्रामा बंद होत्या आणि मी काळाचौकीतल्या आमच्या चाळीच्या जिन्यात उभी राहून रस्त्यावरची गंमत बघत होते. तेवढ्यात एक घामाघूम झालेला तरुण आला... काखेत कागदांची ही एवढी लांब गुंडाळी. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी वळली, तशी मी मागचापुढचा विचार न करता त्याची बाही धरून त्याला जिन्याखाली ओढलं.

"पोस्टरं घेऊन भर दुपारी फिरता? डोकं ठिकाणावर आहे का?"

"पोस्टरं नाहीत हो..." तो गडबडून म्हणाला. "घर आहे."

"कुणाचं?"

"कुशाबा सावंतांचं. ओळखता?"

आता काय सांगू, माझेच ते बाबा! मी पटकन त्याची बाही सोडली. गाडी कधीच निघून गेली होती, तरी या महाशयांनी साळसूदपणे विचारलं, "अजून थोडं लपायला हवं का?"

हा गुरुदत्त. बाबांच्या डॉक्टरांचा पुतण्या, गिरगावातला, घरं आखायचं शिक्षण नुकतंच संपवलेला. बाबांनी मिलच्या साचाखात्यात, मागांवर, तीस वर्षं कापड विणलं आणि छातीत कापसाची तूस भरून घेतली. "यांना औषधापेक्षा वारा द्या," डॉक्टर म्हणाले होते, "नाहीतर पुढचं वर्ष कठीण आहे." मामानं आईच्या नावे ठेवलेली शिवडीला खाडीलगत चिमूटभर जागा होती. तिथं घर बांधायचं ठरलं.

आणि नकाशा काय सुरेख काढला होता मेल्यानं! कमरेइतकं उंच जोतं, उतरतं कौलारू छप्पर, गरम हवा वरून निसटावी म्हणून आढ्याशी फट, चुन्याचा गिलावा, पश्चिमेचं ऊन अडवायला खोल पडवी. आणि समोरासमोर सहा खिडक्या. "आपल्या दमट हवेत वारा अडला की माणूस शिजतो," तो म्हणाला. जागेवरचं भेंडीचं जुनं, डेरेदार झाड तर तो कुणाला हात लावू देईना. म्हणे सावलीसारखा दुसरा पंखा नाही.

बाबांनी नकाशा डोळ्यांजवळ धरला. "एवढ्यो खिडक्यो कित्याक रे?" म्हणाले आणि पेन्सिलनं एकीवर काट मारली.

पुढच्या रविवारी गुरुदत्त नवा नकाशा घेऊन आला, बाबांनी आणखी एक काटली. असे तीन रविवार गेले. दोनच खिडक्या उरल्या आणि गुरुदत्तचा चेहरा पार उतरला.

"मालन," गॅलरीत तो हळूच म्हणाला, "या घरात तुझे बाबा गुदमरतील. मी नाही बांधणार असलं घर."

"मग... रविवारचं येणं बंद?"

"त्याचीच तर भीती वाटते."

मी खाली बघून पदराशी चाळा करत राहिले. 

त्या संध्याकाळी बाबांना खोकल्याची ढास लागली. जरा वाऱ्याची झुळूक आली, तसे ते खोकत खोकतच उठले आणि खिडकी लावून आले. जन्मभर मी हे बघत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला.

"साचाखात्यात खिडक्या बंदच असतात," पुढच्या रविवारी मी गुरुदत्तला सांगितलं. "कोरड्या वाऱ्यानं धागा तुटतो, म्हणून आत पाण्याचे फवारे मारतात. धागा तुटला की साचा थांबतो, आणि जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आईबाप काढतो. तीस वर्षं, गुरुदत्त... बाबांचा हात आपोआप खिडकीकडे जातो."

तो माझ्याकडे बघतच राहिला.

"असं काय बघता?"

"इतकी वर्षं शिकलो, मास्तरांनी हे कधी सांगितलं नाही... आणि इतकं छानही कुणी सांगितलं नाही."

आम्ही बाबांना शिवडीच्या जागेवर नेलं. गुरुदत्तनं दोन बांबू रोवले, मी मिलमधून मागून आणलेलं सूत काढलं आणि त्यांच्यामध्ये एकच धागा ताणून बांधला. बाबा भेंडीखाली बसले. खाडीवरून वारा सुटला, धागा थरथरायला लागला. तास झाला, दीड तास झाला.  हा धागा तुटला असता तर बाबांनी उरलेल्या दोन खिडक्याही बुजवल्या असत्या.

शेवटी ते उठले. अंगठ्यानं धागा चाचपला, दोनदा.

"वारो ओलो आसा," ते स्वतःशीच म्हणाले. "ह्या वाऱ्यात धागो तुटाचो नाय."

मग त्यांनी पेन्सिल मागितली आणि चार खिडक्या परत काढल्या. गुरुदत्त खाडीकडे तोंड करून उभा राहिला. डोळे पुसत होता, मला दिसलं.

घर उभं राहिलं. राहायला गेलो त्याच दुपारी बाबा जेवून आडवे झाले आणि झोपले. खोकला नाही, घरघर नाही. आई इतकी घाबरली की तिनं त्यांच्या छातीवर हात ठेवून बघितलं, आणि मग तिथंच बसून रडली.

मी पडवीत आले. गुरुदत्त चपला घालत होता.

"तुमचे उपकार कसे फेडायचे?" मी विचारलं. "माझ्या बापाला श्वास दिलात तुम्ही."

"उपकार कसले? उलट मीच..." तो अडखळला. "मालन, मी आईला तुझ्याबद्दल सांगितलंय. आमची जात वेगळी, तुमची वेगळी. दोन दिवस ती बोलली नाही."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"विचारलं, मुलगी मासे कसे करते?"

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, आधी तिला माझ्या घरी यायचंय का ते तर विचारू दे." त्यानं वर बघितलं. "येशील?"

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. पण अगदी हळू म्हटलं... आत बाबा झोपले होते.