यादीतलं पहिलं घर

राज्याच्या भारनियंत्रण केंद्रात भिंतभर पसरलेल्या पडद्यासमोर उभे राहून प्राध्यापक मोरेश्वर उकिडवे तावातावानं बोलत होते. "शलाका, तुमच्या यंत्रणेत दोष आहे! या महिन्यात माझी वीज चौदा वेळा गेली. शेजारच्यांची एकदाही नाही."

मुख्य अभियंता शलाका ढोबळे ही त्यांची एकेकाळची विद्यार्थिनी. तिनं नोंद काढली आणि ती पुन्हा एकदा तपासून पाहिली.

"अगं, बोल की."

"दोष नाही, सर. शहराच्या भारत्याग-यादीत, म्हणजे वीज आधी कुणाची तोडायची त्या यादीत, तुमचं घर पहिलं आहे."

आता ही यादी म्हणजे उकिडव्यांचंच अपत्य. वीजनिर्मितीचा एखादा संच अचानक बंद पडला, तर दोन सेकंदांत तेवढा भार तोडावा लागतो, नाहीतर अख्खं जाळं कोसळतं. पूर्वी त्यासाठी गावंच्या गावं अंधारात जात. उकिडव्यांनी घरोघरी चतुरमापक, म्हणजे दुरून वीज तोडता येणारे मीटर, बसवून घेतले आणि प्रत्येक घराला एक हानि-अंक दिला. ज्याचा अंक सर्वांत कमी, त्याची वीज आधी तोडायची. तीस वर्षांत जाळं एकदाही कोसळलं नाही. सत्काराच्या शाली ठेवायला कपाट पुरेना.

"अंक कशावरून ठरतो, आठवतंय ना, सर?"

न आठवायला काय झालं! उपकेंद्रांतल्या तक्रारवह्या चाळून सूत्र त्यांनीच बांधलं होतं. घरातून किती तक्रारी येतात, घरी किती लोकांचे फोन येतात, एवढंच मोजायचं. ओरड नाही तिथं हानी नाही, असं ते वर्गात फळ्यावर लिहून द्यायचे.

त्यांच्या घरी तक्रार करायच्या त्या त्यांच्या पत्नी सुलभाबाई. त्या जाऊन चार वर्षं झाली. हे महाशय वीज गेली की किती सेकंदांत येते ते घड्याळ लावून मोजत बसायचे, तक्रार कसली करतात! फोन तर कुणाचाच येत नव्हता. आपलं एकटेपण असं आकड्यात, तेही चारचौघांत पडद्यावर पाहून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्या आधी पहिलं कोण होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"एक बाई. एकट्याच राहायच्या. एप्रिलच्या उन्हात पंखा बंद पडला आणि त्या गेल्या." शलाकानं पडद्यावरच्या नोंदीवर बोट ठेवलं. "त्यानंतरही अंक शून्यच राहिला, सर. कुणी विचारलंच नाही."

"सूत्र बदल! आज, आत्ता!"

"मंजुरीला वर्ष लागेल. आणि तोवर पहिलं कुणीतरी असणारच. शहरात शून्य अंकाची सहाशे बारा घरं आहेत."

"मला त्यांचे नंबर दे."

नियम मोडून तिनं ते दिले. दुसऱ्या दिवसापासून उकिडव्यांनी घरच्या फोनवरून रोज चाळीस-पन्नास फोन लावायला सुरुवात केली. "मीही एकटाच असतो हो," असं म्हणायला जीभ रेटेना, म्हणून ते आपलं ठोकून द्यायचे, "केंद्रातून बोलतोय, वीज आहे ना?" कुणी दोन शब्दांत आटपायचं, कुणी अर्धा तास गुडघेदुखी सांगायचं. उकिडवे सगळं मन लावून ऐकायचे. पुढच्या वेळी गुडघ्याची आठवणीनं चौकशी करायचे. लोकांना वाटायचं, किती चांगला कर्मचारी आहे!

दीड महिन्यानं शलाकाचा फोन आला. "सर, कमाल केलीत! सहाशे दहा घरं शून्यातून बाहेर पडली."

"आणि दोन?"

"एक तुमचं. तुम्ही सगळ्यांना फोन केलेत, पण तुम्हाला कुणी उलटून केला नाही. केंद्रातल्या माणसाला कोण करणार?"

"आत्ता तू केलास ना?"

"केंद्राचा फोन अंकात धरत नाहीत. नियम तुमचाच, सर."

उकिडव्यांनी कागद-पेन्सिल पुढे ओढली. "बरं, माझं राहू दे. दुसऱ्या घराचा नंबर दे. आत्ता लावतो."



"ते माझं घर आहे, सर," शलाका म्हणाली. "तुम्हाला दिलेल्या यादीतून मी ते खोडलं होतं. लाज वाटली."

उकिडव्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी विचारलं, "अगं, मग तुझ्या घरी आत्ता तरी वीज आहे का?"

"कुणास ठाऊक, सर. मी घरी असते कुठं?"