फुटक्या काठाचा शंख

जूनमधल्या त्या सकाळी माझ्यापुढे एवढंच काम होतं: बहिणीला होडीतून खाडीपलीकडच्या दवाखान्यात पोचवायचं. ऑर्फाचे दिवस भरले होते आणि कळा सुरू झाल्या होत्या. नवरा लांब मासेमारीवर, म्हणून सोबतीला शेजारचे सेल्बी काका आले. न्यूफाउंडलंडच्या आमच्या बेटावर न बोलावता येणारे दोघंच, एक हे काका आणि दुसरं धुकं.

धुकं अर्ध्या वाटेवर आलं. सूर्य चांगला वर आला होता, तरी होडीचं टोक दिसेना. वारा पडला, फक्त लाट उरली, आणि ओल्या लोखंडासारखा गार वास येऊ लागला. तो बर्फाचा वास. या दिवसांत उत्तरेकडून बर्फाचे डोंगर आमच्या दारावरून वाहत जातात. डोंगराची मला भीती नाही, तो रडारवर दिसतो. भीती गुरगुऱ्याची. डोंगरापासून तुटलेला घराएवढा तुकडा, पण पाण्यावर दिसतो टेबलाएवढा. लाटांच्या गर्दीत रडारला तो कळत नाही, आणि होडी मात्र चिरून टाकतो. वीस वर्षांपूर्वी आमचे बाबा अशाच एकावर आदळून गेले, असं सगळे म्हणतात. ना होडी सापडली, ना बाबा.

बाबा गेले त्या दिवशी आई धक्क्यावर उभी राहून शंख फुंकत होती. आमच्याकडे तशी रीतच आहे. धुकं पडलं की शंख वाजवायचा आणि शेवटची होडी लागेपर्यंत थांबायचं नाही. तीन तुटक फुंका म्हणजे थांब, एक लांब म्हणजे ये. आईच्या शंखाचा काठ फुटलेला होता, त्यामुळे आवाज चिरका निघायचा. बाबांसाठी ती ओठांतून रक्त येईपर्यंत फुंकत राहिली. शेवटी बायकांनी शंख तिच्या हातातून काढून घेतला. मागच्या हिवाळ्यात ती गेली, तेव्हा मीच तो तिच्याबरोबर शवपेटीत ठेवला.

“काय म्हणतोय तुझा टीव्ही?” काकांनी रडारकडे बोट दाखवून विचारलं.

“सगळं मोकळं आहे.”

“म्हणजे त्यालाही माझ्यासारखा मोतीबिंदू झाला.”

त्यांनी स्वतःचा शंख काढून समोर एकदा फुंकला. पुढे बर्फाची भिंत असेल तर हाक परत येते. आम्ही कान देऊन ऐकलं. काही आलं नाही.

“चल ना, दादा,” ऑर्फा दात आवळून म्हणाली. “हे बाळ काही तुमचा शंखनाद ऐकत बसणार नाही.”

मी वेग वाढवला.

आणि धुक्यातून तीन तुटक फुंका आल्या. चिरक्या. काकांचा शंख त्यांच्या मांडीवर पडलेला होता.

“प्रतिध्वनी असेल...” मी म्हणालो.

“बर्फ दिलं तेवढंच परत देतो, पोरा... मी एकदाच फुंकलं होतं.”

पुन्हा तीन. ऑर्फाने माझं मनगट घट्ट धरलं.

“दादा... आई थांब म्हणतेय...”

मी इंजिन बंद केलं. त्या शांततेत समोरून चुरचुर ऐकू आली, सोड्याची बाटली उघडल्यावर येते तशी. वितळणाऱ्या जुन्या बर्फाचा तो आवाज. मग पाण्यातून एक निळसर काळी, गुळगुळीत पाठ वर आली, होडीच्या टोकापासून हातभर अंतरावरून गुरगुरत गेली, आणि बुडाली. आणखी थोडं पुढे गेलो असतो तर आम्ही तिघं, नाही, चौघंही तिच्याखाली असतो.

मग उजवीकडून एक लांब फुंक आली. मी रडारकडे पाहिलंच नाही. त्या आवाजामागून होडी नेत थेट दवाखान्याच्या धक्क्याला लावली.

ऑर्फाला स्ट्रेचरवर घेतलं, तरी ती समुद्राकडेच बघत होती.

“दादा, ती अजून वाजवतेय.”

“आपण आलो की.”

“मग अजून कोण बाहेर आहे...?”

काकांनी टोपी काढली.

ऑर्फाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडलो आणि मग डब्यातल्या दुधाचा कपभर चहा प्यायलो. शंख दिवस कलेपर्यंत वाजत होता. धुकं विरलं तसा तो थांबला, आणि त्यानंतर मी तो कधी ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेटावर परतलो. आमच्या धक्क्यावर बाबांचा खुंट आहे. त्याला इतकी वर्षं कुणी होडी बांधलेली नाही. त्या खुंटाला दोरी बांधलेली होती, ओली, बाबा मारायचे तशी डावखुरी गाठ. दुसरं टोक सरळ खाली पाण्यात गेलेलं, ताठ.

भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण आईचा शंख आता थांबला आहे, हेही खरं. भाची धक्क्यावर खेळायला लागली, तरी दोरी तशीच ताणलेली आहे. मी ती सोडलेली नाही, आणि ओढूनही पाहिलेली नाही.