वरच्या मापाचं टोपडं

भुतं रात्रीच येतात असं वाटणाऱ्यांनी हे वाचावं.

घडलेलं आहे. गोव्यातल्या लाटंबार्सेत, आमच्या सुमंगला मावशीच्या घरी, मे महिन्यातल्या टळटळीत दुपारी.

मावशी क्रोशाने बाळांची टोपडी, झबली विणते. हरमलच्या एका दुकानातून पर्यटक ती हातोहात उचलतात.

सून सेजल तेव्हा आठव्या महिन्यात होती. तीन वर्षांपूर्वी तिची पहिली मुलगी बारशाआधीच गेली होती. नाव नाही, अंगावर नवं कापड नाही. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नंतरही बारशापर्यंत जुन्या साडीचे मऊ तुकडेच.

पण मावशीला राहवेना. येणाऱ्या नातवंडासाठी तिने पिवळं टोपडं विणलं. रीत मोडल्याचं पाप नको म्हणून वर मोठ्याने म्हणाली, "हें हरमलच्या दुकानाचें."

कुणाला फसवत होती, देव जाणे.

टोपडं दुकानाच्या पिशवीत टाकून ती जरा आडवी झाली.

आणि... पिशवी सळसळली.

मांजर असेल.

मग उचकी... बारीक, तान्ह्या बाळाची.

मावशीने पिशवीत हात घातला. बाकीची टोपडी कोरडी होती. पिवळं मात्र आतून गरम... आणि घामाने ओलं.

"आई," आतून सेजलने हाक मारली. "बाळ हालना. मघापासून थंडच आसा."

मुलगा गौरेश तिला गाडीत घालून डिचोलीच्या इस्पितळात घेऊन गेला. मावशी काही गेली नाही. गौरेश चिडला तिच्यावर.

पण तिला उमगलं होतं. तिनेच खोटं बोलून ते टोपडं बिनमालकाचं केलं होतं. जिला कधी काहीच मिळालं नाही, तिने ते घातलं होतं.

स्वतःच्याच नातीला भ्यायची वेळ आली. मावशी भ्यायली.

रिकाम्या खोलीकडे बघून म्हणाली, "बाये, तुका तुजें वेगळें करून दितां. तें तुज्या भावंडाचें. सोड ताका."

पोर तीन वर्षांची झाली असती. तेवढ्या मापाने तिने विणायला घेतलं. सुई घामाने निसटत होती.

गुडघ्याला काहीतरी टेकलं...

तिने मान वर केली नाही.

शेवटचा टाका बांधला, दोरा कापला, तोच फोन वाजला. गौरेश होता. "आई, ठोके बरे आसात."

मावशीने खाली पाहिलं. मांडीवर टोपडं नव्हतं.

सिद्धी सुखरूप जन्मली. आता शाळेत जाते. मावशी दर मे महिन्यात एक टोपडं विणते, आधीच्यापेक्षा वरच्या मापाचं. विणून झालं की ते दिसत नाही.

यंदा मावशीची बोटं आखडली आहेत. परवा दुपारी ती सेजलला शिकवायला बसली. कारण सांगितलं नाही.

"ह्या गरमेंत टोपी कोणाक, आई? बाजारांत मेळटा न्हय?" सेजल हसली.

शेजारी सिद्धी झोपली होती. जरा जास्तच शांत... मावशीने तिच्या नाकापाशी बोट धरलं. मग सेजलच्या हातात सुई दिली.

सेजलचा पहिला टाका निसटला. दुसराही.