झोपलेला सातू

फुटलेले ओठ. तासभर शिजवूनही कच्चा राहिलेला भात. काळं वाटावं इतकं निळं आभाळ. खडकात एकटंच वाढलेलं, उशीसारखं घट्ट झुडूप, वय शंभरीपार. जुलैचं लख्ख ऊन, आणि गाढ झोपलेलं एक हिरवं शेत.

लडाखमधल्या उंच चांगथांग पठारावरच्या त्या गावाकडे ओलिताखालची जमीन एवढीच. ती त्यांनी डॉ. मृण्मयी खांबेटेच्या सातूसाठी दिली होती. खडकातल्या झुडपाचा निजगंध तिने सातूत उतरवला होता. थंडीची चाहूल लागताच रोप पानांत साखर साठवतं, वाढ थांबवतं आणि हवेत वास सोडून शेजाऱ्यालाही निजवतं. गारठण्याआधीच सगळं शेत सावध.

जूनच्या हिमवादळात एकही रोप मेलं नाही. मृण्मयी बांधावर चक्क नाचली होती. पण वादळ सरलं, ऊन तापलं, तरी सातू बोटभरही वाढेना.

"तुमचं पीक फार आज्ञाधारक, डॉक्टर-ले," गावप्रमुख मेमे, म्हणजे आजोबा, नोर्बू म्हणाले. तिथलं 'ले' म्हणजे आपलं 'जी'. "झोप म्हटलं, झोपलं. हिवाळ्यात आम्हीही उपाशी झोपायचं का?"

मृण्मयीने पान उजेडात धरलं. "जिवंत आहे. ऊबही मिळतेय. मग उठत का नाही?"

"उठतं की," तिची सहकारी रिग्झिन म्हणाली. "पण शेजारचा वास त्याला पुन्हा निजवतो."

"आणि शेजाऱ्याला?"

"त्याच्या शेजारचा. आमच्या हॉस्टेलसारखं. एकीने पांघरूण ओढलं की सगळ्यांचं कॉलेज बुडालं!"

"मग खडकातलं झुडूप कसं जागं होतं?"

"त्याला शेजारीच नाही. त्याचा वास वारा घेऊन जातो."

मृण्मयी ताडकन उठली. "मेमे-ले, फावडी आणा. दर चार रोपांतली तीन काढायची."

"उभं पीक उपटायचं? वेड लागलंय?"

"फेकायची नाहीत. दूर दूर लावायची. ओढ्याकाठी, वाटेवर, प्रत्येकाच्या दारात एकेक."

"पहिलं तुम्ही उपटा. शिव्या तुम्हालाच पडू देत."

तिने उपटलं. मग सगळं गाव वाकलं.

आठवड्याभरात मेमेंच्या दारातल्या रोपाला नवं पान फुटलं. मागोमाग विरळ झालेलं शेत जागं झालं. थंडी परतण्याआधी ओंब्या भरल्या.

रोपांना एकमेकांची ऊब मिळावी म्हणून बी दाट पेरा, असं पेरणीच्या दिवशी मृण्मयीनेच सांगितलं होतं.