स्लोवर सोडलेला ट्रॅक्टर

विक्रांत, गच्चीचं दार लोटून घे. निहारिका, तुला हसायचं असेल तर खाली जाऊन टीव्ही बघ. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या बँकेतल्या अरविंदची आहे, आणि त्या रात्री मी स्वतः तिथं होतो.

तीन वर्षांपूर्वीची पौषातली अंगारकी. चंद्रोदय नऊला पाच कमी. अरविंदला उपास सोडायला वरण-भात आणि मोदक पोचवायचे म्हणून मी नानाखेड्याहून स्कूटर काढली. रिटायर झाल्यावर त्यानं इंदूर रोड सोडून आत दहा बिघे जमीन आणि एक म्हातारा ट्रॅक्टर घेतला होता. जन्मभर लेजर लिहिलेला माणूस, पण हौसेला मोल नाही.

त्या ट्रॅक्टरची बॅटरी कायम उतरलेली. थंडीत एकदा बंद केला की सुरू करताना नाकी नऊ यायचे. म्हणून अरविंद शेतातून आला तरी तो अंगणात बंद न करता स्लोवरच, मंद चालू, सोडून द्यायचा. ठुक, ठुक, ठुक. मेकॅनिक माणिक कावायचा, "बाबूजी, इतनी देर स्लो पे मत छोड़ा करो, कच्चा तेल फेंकता है, इंजन बैठ जाएगा." हा ऐकेल तर शपथ. शेवटी त्याची बायको, आमच्या शैलावहिनी, कणीक मळता मळता उठायच्या आणि तशाच हातानं स्टॉपची मूठ ओढायच्या. जुनं डिझेल इंजिन किल्लीनं बंद होत नाही बरं, ती मूठच ओढावी लागते. मग त्यांची हाक, "बस झालं, जेवायला चला." आणि ह्याचं उत्तर, "आलो."

त्या अंगारकीच्या आधी, दिवाळीच्या तोंडावर वहिनी वारल्या.

मी पोचलो तेव्हा ट्रॅक्टर चालूच होता. सायलेन्सरमधून उडालेलं काळं तेल बॉनेटवर पसरलेलं. अरविंद ओट्यावर शाल घेऊन बसला होता. इतका वाळला होता की मला भडभडून आलं.

"बंद कर की रे तो."

"मी नाही करत. संध्याकाळी माणिक सुरू करून देतो, सकाळी तोच येऊन बंद करतो."

"आणि तू जेवतोस कधी?"

त्यानं शाल अंगाभोवती ओढून घेतली. म्हणाला, "कोणी हाकच मारत नाही यार. उद्या आमचा पोरगा अभिजीत गिऱ्हाईक आणतोय, ट्रॅक्टर जाणार. आजची रात्र बसू दे."

मी डबा बाजूला ठेवला आणि त्याच्याजवळ बसलो. अंगणात आम्ही दोघंच. आवारात तिसरं माणूस नाही, शेजार अर्धा कोस लांब.

चंद्र वर आला. मी हात जोडले.

तेवढ्यात आवाज बदलला.

ठुक… ठुक…

ठुक…

मग काहीच नाही.

इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. स्वयंपाकघरात अंधार. अरविंद त्या दाराकडे बघत होता. मला काही ऐकू आलं नाही, देवाशपथ सांगतो. पण तो… हळूच उठला.

"आलो," म्हणाला.

मोरीवर जाऊन हातपाय धुतले. पाटावर बसला. सगळा डबा संपवला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच पोटभर जेवत असावा.

काय, निहारिका? हो, मलाही तेच वाटलं. डिझेल संपलं असेल. मोबाइलची बत्ती लावून टाकी बघितली. अर्धी भरलेली होती.

मग स्टॉपची मूठ बघितली.

पूर्ण बाहेर ओढलेली. तिला पांढरं काहीतरी लागलं होतं. मी बोट लावलं…

कणीक होती.

त्या घरात पिठाचा डबा दिवाळीपासून उपडा पडला होता. आणि माझ्या बोटाला लागलेली कणीक… ओली होती.