बंद सॉकेटवरचं उत्तर

मी थापा मारतो, हे माझ्या सगळ्या मित्रांना माहीत आहे. म्हणून ही गोष्ट त्यांच्यापैकी कोणालाच सांगितली नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगतो. यातलं एक अक्षरही बनवलेलं नाही.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. मे महिन्यातली रणरणती दुपार होती. आमचं ऑफिस पुंडलिकनगरात, पिठाच्या गिरणीच्या वर. भूत आलं तरी शिंकत येईल, असं ठिकाण.

ऑफिसात आम्ही तिघं. मी माऊली, बिरू आणि कडूबादादा.

म्हणजे दोघंच. दादा तोवर गेला होता.

दादा मोटरसायकलवर हेल्मेट कायम कोपराला अडकवायचा. पोलीस दिसला की डोक्यावर. फुलंब्रीजवळ समोरून पोलीस आला नाही. ट्रक आला.

आमचं काम म्हणजे एका खासगी ॲम्ब्युलन्सवाल्याचं सॉफ्टवेअर सांभाळायचं. सिल्लोडकडच्या गावातून मागणी आली की जवळच्या ड्रायव्हरच्या मोबाइलवर निरोप जातो. निरोप धाडणारा प्रोग्राम दादानं लिहिला होता. मागणी मिळाली की इतरांचे प्रोग्राम 'ओके' म्हणतात. दादाचा म्हणायचा, 'व्हय, निघालो.'

मागणी घेणारा प्रोग्राम मात्र बिरूनं कंटेनरमध्ये ठेवला होता. कंटेनर म्हणजे मशीनच्या आतला एक बंद डबा. डब्यातून बाहेरच्या प्रोग्रामशी बोलायला सॉकेट लागतं. दिसायला साधी फाइल, कामाला खिडकी. बाहेरचा प्रोग्राम बंद करून परत सुरू केला की तो जुनी खिडकी टाकून नवी पाडतो. म्हणून डब्याला नुसती ती फाइल जोडायची नसते. ती ज्या फोल्डरात आहे ते अख्खं फोल्डर द्यायचं, म्हणजे नवी खिडकीही दिसते. नाहीतर डबा जन्मभर जुन्याच खिडकीवर टकटक करत बसतो.

आणि पलीकडं कोणीच नसतं.

बिरूनं फाइल जोडली होती.

दादाचं तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बिरूनं दादाचा प्रोग्राम बंद केला, स्वतः लिहिलेला नवा सुरू केला. डब्याला हातही लावला नाही.

दुपारी त्याच्या आईचा, बानाबाईचा फोन आला.

"बिरू, प्रांजलीला कळा सुरू झाल्यात रं. पाणी गेलंय. गाडी धाड."

प्रांजली म्हणजे बिरूची बायको. दिवस भरलेले. सिल्लोडच्या पुढं, मेंढरांच्या वस्तीवर त्या सासू-सून दोघीच होत्या.

बिरूनं मागणी टाकली.

'जोडणी नाकारली.'

परत टाकली.

'जोडणी नाकारली.'

मी सिल्लोडच्या आमच्या ड्रायव्हरला फोन लावला. रेंज नाही. ओळखीच्या गाडीवाल्यांना लावला. सगळे लांब.

"बिऱ्या, डब्याला फोल्डर दिलं का फाइल?"

"फाइल."

"गाढवा!"

"शिव्या मागून दे. आधी दुसरा डबा कर."

मी फोल्डर जोडून दुसरा डबा तयार करायला बसलो. बिरू जुन्यावरच बटण दाबत राहिला. खटखट. खटखट. खटखट.

आणि मग... खटखट थांबली.

खालची गिरणीही थांबली.

"माऊली... हे बघ."

स्क्रीनवर लिहिलं होतं, 'व्हय, निघालो.'

"दादाचं वाक्य तू नव्यात पण ठेवलं का?"

"नाय. मी 'मागणी मिळाली' लिहिलंय."

मी तपासलं. त्या खिडकीपलीकडं एकही प्रोग्राम चालू नव्हता. मी परत तपासलं.

कोणीच नव्हतं.

तेवढ्यात बिरूचा फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला.

"आली रं गाडी!" बानाबाई म्हणाली. "आम्ही बसलो बी."

सिल्लोडहून त्या वस्तीवर पोचायचं तर रिकाम्या रस्त्यानंही अर्धा तास लागतो. बिरू रडत होता. मी आनंदानं त्याला परत गाढव म्हणालो.

"लई गार हाय रं आत. एसी लावलाय वाटतं."

आमच्या गाडीला एसी नाही. एसी सोडा, मागची काचसुद्धा नाही.

"आई, ड्रायव्हर कोणंय?"

"वळकीचा नाय. मी म्होरंच बसलेय त्याच्याशेजारी. काय बी इचारलं की नुसतं व्हय म्हनतोय. अन् बिरू..."

"काय?"

"त्याच्या कोपराला ते फटफटीवाल्यांचं टोपडं का अडकवलंय रं?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं.

माझा फोन वाजला. आमचा खरा ड्रायव्हर. "भाऊ, तुमचा निरोप आत्ता आला बघा. निघतो." माझा दुसरा डबा चालू झाला होता.

"आई, उतर!" बिरू ओरडला. "दोघी उतरा!"

फोनमधून नुसता आवाज येत होता...

ॲम्ब्युलन्सचा नाही. मोटरसायकलचा.

मग तोही थांबला.

प्रांजली सिल्लोडच्या एका दवाखान्याच्या पायरीवर सापडली. संध्याकाळी पोरगी झाली. मायलेकी ठणठणीत आहेत. "मला हात धरून उतरवलं," ती सांगते. "आत्याबाई म्होरंच बसल्या होत्या. मी वळून पाह्यलं तर गाडी नाय."

बानाबाई आजपर्यंत सापडली नाही. दवाखान्याच्या दारातल्या कोणीही गाडी आलेली पाहिली नाही. पोलिसांनी आम्हाला विचारलं, मागणी कोणी स्वीकारली? आम्ही सॉकेट समजावून सांगितलं. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

आता सगळं काम दुसऱ्या डब्यातून चालतं. जुना डबा बंद करून टाकायचा, एवढंच राहिलंय. एका ओळीचं काम.

बिरू करू देत नाही.

"त्यो बंद केला तर आईकडं जायची वाटच बंद व्हईल," म्हणतो. मशीनही बंद करू देत नाही. वीज गेली की यूपीएसवर हात ठेवून बसतो, तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. रोज त्या जुन्या खिडकीत लिहितो, 'आई कुठंय?'

रोज एकच उत्तर येतं. 'व्हय, निघालो.'

काल वेगळं आलं.

'व्हय, आलोच.'

बिरूनं लगेच ऑफिस झाडून काढलं. आईसाठी खुर्ची पुसून ठेवली. त्याला वाटतंय, दादा तिला घेऊन येतोय. असेलही. पण दादा कोणाला सोडायला येतोय की न्यायला, ते त्यानं लिहिलेलं नाही.

हे मी ऑफिसातच बसून लिहितोय. गिरणी आत्ताच थांबली. एसी नसताना खोली गार झालीय. जिन्याखाली मोटरसायकल बंद झाल्याचा आवाज आला.

"माऊली," बिरू म्हणाला, "चहा सांग. तीन."

"मला धरून?"

बिरू दाराकडं बघतोय.